कोब्यातले बोल्ट : सोलरवाल्या साहेबांस अनावृत पत्र

परमआदरणीय श्री. सोलरवाले साहेब यांचे सेवेशी,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपला फोन लागत नाही. लागला तर उचलला जात नाही, आणि उचलला गेलाच तर 'साहेब साईटवर आहेत' असं सांगणारा मुलगा इतक्या अदबीनं बोलतो की त्याच्यावर रागावणं जिवावर येतं. आपल्यासारख्या कार्यमग्न माणसाला उठसूट त्रास देणं बरं नव्हे, म्हणून चार लोकांच्या देखत हे पत्र लिहिते आहे. आपल्याला वाचायला सवड झाली नाही तरी हरकत नाही. यंदा छपरावर सोलर बसवायच्या विचारात असलेली मंडळी वाचतील, एवढंही मला पुरेसं आहे.

सर्वप्रथम आपले आभार. आपण आमच्या घरी आलात, चहा घेतलात, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेली पंतप्रधान सूर्यघर योजना आम्हाला इतकी सोपी करून सांगितलीत की सरकारी माणसानंही आपल्याकडून शिकावं. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे तीन किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी, आणि तीही थेट आमच्या खात्यात. पोर्टलवरचा अर्ज आपण भरलात, महावितरणचे हेलपाटे आपण घातलेत, नेट मीटर बसवून दिलात. सबसिडीही सांगितल्याप्रमाणे जमा झाली. जे काम कागदावर होतं, ते आपण चोख केलंत, याबद्दल दुमत नाही.

आणि वीजही झाली. उन्हाळ्यात कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर असं सगळं चालवूनही बिल नावापुरतं येत होतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण माझा राग सोलरवर आहे असा समज कुणाचा व्हायला नको. मराठवाड्यात ऊन फुकट आहे आणि वीज महाग आहे. छपरावर पडणारं ऊन आपल्या घरात उपयोगी पडावं, ही कल्पना मला तेव्हाही आवडली होती आणि आजही आवडते. म्हणून तर आपण जे केलंत ते जास्त लागलं.

आपल्या दूरदृष्टीचंही कौतुक करायला हवं. 'मॅडम, स्ट्रक्चर सात फूट उंच देतो, गच्ची अडत नाही, खाली निवांत खुर्च्या टाकून बसा,' असं आपण म्हणालात. सात फुटांवर सहा पॅनल आडवे मांडले की त्यांच्या खालून वारा किती जोरात शिरतो, आणि म्हणून पाय किती घट्ट रोवावे लागतात, हा विषय मात्र आपण काढला नाहीत. आनंदाच्या प्रसंगी अशुभ बोलू नये, हा आपला संस्कार.

आता त्या एप्रिलातल्या संध्याकाळबद्दल. दुपारभर उकडत होतं. पाचच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं झालं, आधी धूळ आली, मग वारा, मग गारा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात राहणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. सुरुवातीला बोराएवढ्या गारा पत्र्यांवर ताशा वाजवत होत्या, मग काही लिंबाएवढ्याही पडल्या. सगळं मिळून अर्धा तासही चाललं नाही. वारा उतरल्यावर वर गेलो, तर सहापैकी तीन पॅनल जागेवर होते. त्यातल्या एकाच्या काचेला एका बिंदूपासून सगळीकडे बारीक तडे गेले होते. उरलेले तीन कठड्यापलीकडे गेले होते, आपल्या लोखंडी सांगाड्याच्या अर्ध्या भागासकट.

आपण नंतर फोनवर मोठ्या समजुतीच्या सुरात म्हणालात, 'मॅडम, हे ॲक्ट ऑफ गॉड आहे. निसर्गापुढे कुणाचं चालतं?' साहेब, आपण देवाचं नाव घेतलंत, तेव्हा देवाच्या वाट्याचं काय आणि आपल्या वाट्याचं काय, ते एकदा वेगळं करू या. मी हे सगळं पत्र त्यासाठीच लिहिते आहे.

काच फुटली ती गारेनं. तिथं मी आपल्याला एक शब्दही बोलणार नाही. पॅनल बाजारात येण्याआधी त्याच्या ज्या चाचण्या होतात, त्यांत गारेचीही चाचणी असते. आयईसी ६१२१५ या मानकाप्रमाणे २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगानं काचेवर अकरा ठिकाणी मारतात. तेवढं सोसलं की पॅनल पास. पण गार दुप्पट जाड झाली की तिचं वजन आठपट होतं, शिवाय ती जास्त वेगानं खाली येते, आणि तडाखा दुपटीत नाही तर पंधरा-सोळा पटीत वाढतो. लिंबाएवढी गार नेमकी काचेवर बसली, तर उत्तम कंपनीचा पॅनलही फुटू शकतो. तो एक पॅनल देवाचा. आमचं काही म्हणणं नाही.

बाकीचे तीन मात्र आपले.

वाऱ्यानं पॅनल उडाले असं आपल्या माणसानं लिहून नेलं. मी आपल्याला वर येऊन बघायची विनंती केली होती, आपल्याला वेळ झाला नाही, म्हणून जे दिसलं ते इथे सांगते. आमची गच्ची जुन्या पद्धतीची आहे. आरसीसीच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा आणि चुना-सिमेंटचा चार-साडेचार इंचांचा कोबा, पाणी उताराला लागावं म्हणून केलेला. आपल्या माणसांनी खांबांच्या बेसप्लेट या कोब्यावर ठेवल्या आणि ड्रिल मारून अँकर बोल्ट ठोकले. बोल्ट चार इंची. म्हणजे एकही बोल्ट खालच्या स्लॅबपर्यंत पोहोचलाच नाही. सगळे विटांच्या तुकड्यांत अडकले होते. वारा खालून शिरला आणि ते भिजलेल्या भिंतीतून खिळा निघावा तसे निघाले. त्यातला एक मी ठेवून दिला आहे. त्याच्या पात्यांना अजून लाल विटेचा चुरा चिकटलेला आहे. काँक्रीटचा कणही नाही.

बेसप्लेटला भोकं चार होती आणि बोल्ट दोन. ही काटकसर कुणाला सुचली हे कळलं तर त्यांचा सत्कार करायची इच्छा आहे. जे खांब उभे राहिले त्यांचे नट मी गल्लीतल्या फॅब्रिकेटरला दाखवले. त्यानं ते हातानं फिरवले, पाना लागलाच नाही. स्प्रिंग वॉशर कुठेच नव्हते. पॅनल वाऱ्यात थरथरतात, त्या थरथरीनं नट सैल होत जातात, वॉशर त्यासाठीच असतो असं तो म्हणाला. एका वॉशरची किंमत त्याला विचारली, तर तो हसायला लागला.

आपल्याला आकडे आवडतात, आपल्या कोटेशनमध्ये खूप होते, म्हणून थोडा हिशोब मांडते. आपल्या एका पॅनलचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या जरा वर, वजन २८ किलोच्या आसपास. ताशी ८० किलोमीटरचा वारा म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ढोबळमानानं ३० किलोचा दाब. सहा पॅनल धरले तर साडेचारशे किलोंच्या पुढे जातं, आणि सहा पॅनलचं मिळून वजन पावणेदोनशे किलोही नाही. म्हणजे वळवाच्या साध्या वादळातही पॅनल आपल्या वजनानं जागेवर राहत नाहीत, बोल्ट त्यांना धरून ठेवतात. इमारतींवरच्या वाऱ्याचा विचार करणारं भारतीय मानक, आयएस ८७५चा तिसरा भाग, आमच्या संभाजीनगरसाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर वारा गृहीत धरायला सांगतं. तेव्हा हाच दाब तिप्पट होतो, जवळजवळ दीड टन. आणि आपल्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर, आपल्या सहीच्या वर, स्पष्ट लिहिलं आहे : स्ट्रक्चर ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकणारं. ते वाक्य आपण कशाच्या जोरावर लिहिलंत? विटांच्या तुकड्यांच्या?

त्या संध्याकाळी वारा फार म्हणजे फारच होता, असं आपण म्हणू शकाल. आमच्या शेजारच्या काकूंच्या ओसरीवरचे पत्रे नुसत्या दगडांच्या वजनावर ठेवलेले आहेत. ते जागेवर आहेत. दोन घरं सोडून एका गुरुजींच्या गच्चीवर याच योजनेतून, एवढ्याच क्षमतेचं सोलर आहे, दुसऱ्या कुणी बसवलेलं. त्या माणसानं कोबा फोडून स्लॅबला धरून काँक्रीटचे ठोकळे ओतले, त्यात बोल्ट पुरले, वर पुन्हा वॉटरप्रूफिंग केलं. काम दोन-तीन दिवस जास्त चाललं, तेव्हा गुरुजी कंटाळले होते. त्यांच्याकडे गारेनं एक पॅनल फुटला. सांगाडा तसूभर हलला नाही. वादळ एकच, गल्ली एकच, योजना एकच. साहेब, देवानं दोन घरांत भेदभाव केला असं आपलं म्हणणं आहे का?

आता जे सांगते, त्यासाठी आपले आभार मानायचे कसे ते मला खरोखर समजत नाही.

उडालेल्या तीन पॅनलांपैकी एक काकूंच्या अंगणात पडला. तिथं त्यांची गाय बांधलेली असते. त्या दिवशी गारांमुळे तिला आधीच आत घेतलं होतं. तो पॅनल जाताना केबल सोबत ओढत गेला, कारण केबल पाइपातून नेण्याऐवजी आपल्या माणसांनी प्लॅस्टिकच्या टायनं सांगाड्याला बांधली होती, आणि त्या टाय दोन उन्हाळ्यांत तडकून गेल्या होत्या. रात्री अंधारात कुणाला काही कळलं नाही. सकाळी लख्ख ऊन पडलं. काच फुटलेली असली तरी पॅनलवर ऊन पडलं की तो वीज तयार करतोच, त्याला बटन नसतं. उन्हात एका पॅनलला पन्नास व्होल्टच्या जवळपास व्होल्टेज असतं, आणि वर गच्चीवर उरलेले तीन त्याला त्याच केबलनं जोडलेले होते. अंगणात पाणी साचलेलं. उघड्या पडलेल्या वायरा त्या पाण्यात. आणि काकूंचा नातू, पहिलीत जाणारा, काचेचे चमकणारे तुकडे गोळा करायला निघालेला.

काकूंनी त्याला हाक मारली. त्यांना विजेबद्दल काही माहीत नव्हतं, काच लागेल म्हणून त्यांनी हाक मारली. नशीब तेवढ्यावरच निभावलं.

गल्लीतला वायरमन आला. त्यानं आधी सगळ्यांना मागे केलं, इन्व्हर्टरजवळचा डीसी आयसोलेटर बंद केला, मग वरच्या आणि खालच्या पॅनलांवर जाड काळी ताडपत्री टाकली, म्हणजे उजेडच मिळणार नाही. त्यानंतर हातमोजे घालून जोडण्या सोडवल्या. त्याचं आपल्याशी कुठलंही नातं नाही, आपल्याकडून त्याला एक रुपया मिळालेला नाही. ही सगळी माहिती आपण मीटर लावून दिलात त्या दिवशी पाच मिनिटांत देता आली असती : वादळ झालं तर कुठला खटका आधी पाडायचा, फुटलेल्या पॅनलला हात का लावायचा नाही, त्यावर पाणी का मारायचं नाही. त्या पाच मिनिटांत आपण आमचा पॅनलसोबत फोटो काढलात.

पाणी मारण्यावरून आठवलं. आदल्याच रात्री मी आपल्या मदत क्रमांकावर फोन केला होता आणि आपल्या माणसानं, फार गोड आवाजात, सल्ला दिला होता : 'फुटलेली काच चालते मॅडम, सकाळी पाण्यानं धुऊन घ्या, सिस्टिम चालू राहू द्या.' फुटलेल्या काचेतून पाणी आत शिरलं की फ्रेमपर्यंत करंट उतरू शकतो. आमच्या इन्व्हर्टरला हे कळलं होतं. त्यानं इन्सुलेशनचा बिघाड दाखवून स्वतःहून काम थांबवलं होतं. आपल्या सेवेत असलेल्या माणसांपेक्षा आपण विकलेलं यंत्र जास्त जबाबदार निघालं, याबद्दल त्या यंत्राच्या कारखानदारांचे मनापासून आभार.

यथावकाश आपला तंत्रज्ञ आला. तो जिन्याच्या दारातून बघून म्हणाला, 'दोन पॅनल ओके आहेत, काच फुटलेली नाही.' आपल्या माणसाच्या नजरेला खरंच तोड नाही. गारेचा मार बसला की काच शाबूत राहूनही आतल्या सिलिकॉनच्या चकत्यांना केसाएवढे तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. अंधारात पॅनलमधून करंट सोडून खास कॅमेऱ्यानं फोटो काढला की काळ्या रेषा दिसतात, किंवा भर उन्हात थर्मल कॅमेऱ्यानं तापलेला भाग शोधता येतो. असे तडे पुढे वर्ष-दोन वर्षांत तापतात, वीज कमी होत जाते, आणि सगळे पॅनल एका माळेत असल्यानं एकाचा अशक्तपणा सगळ्यांना भोवतो. आपण ही तपासणी करावी असा आग्रह मी धरला, तर उत्तर मिळालं की अशी तपासणी 'घरगुतीला' करत नाहीत. पैसे घेताना घरगुती आणि व्यावसायिक असा फरक आपण केला नव्हता.

अर्थिंगबद्दल थोडक्यात. वीजरोधकाला एक, डीसी बाजूला एक, एसी बाजूला एक, अशी तीन अर्थिंग कोटेशनमध्ये होती. जमिनीत एकच निघाली. बाकीच्या दोन पट्ट्या भिंतीवरून सुबक उतरवून तुळशीमागच्या मातीत वीतभर खोल खोचलेल्या होत्या. आमच्याकडे वळवाचा पाऊस विजा घेऊनच येतो, हे आपण याच जिल्ह्यातले असल्यानं आपल्याला सांगायला नको.

आणि जिथं जिथं कोब्यात भोकं पाडलीत, तिथून आता पाणी झिरपतं. आतल्या खोलीच्या छतावर ओल धरली आहे. ही भेट कोटेशनमध्ये नव्हती, आपण स्वखुशीनं दिलीत.

आपलं दुसरं म्हणणं असं की, 'अशी गारपीट याआधी कधी झालीच नव्हती, आम्हाला कसं कळणार?' साहेब, २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्र गारांनी झोडपून काढला होता. रब्बीची उभी पिकं, द्राक्षं, डाळिंबं गेली, गावंच्या गावं पंचनाम्यांच्या रांगेत उभी होती. आपण तेव्हा याच भागात होता. नोव्हेंबर २०२३मध्ये निफाडच्या द्राक्षबागांवर गारा पडल्या, तेव्हा तर हिवाळा होता. बागाईतदारांनी त्यातून शिकून बागांवर जाळ्या टाकायला सुरुवात केली. पंचवीस वर्षं गच्चीवर राहणारी वस्तू विकणाऱ्या माणसाला पंचवीस वर्षांत एकदा तरी गारपीट होईल, हे ठाऊक असायला हवं. तेवढं ठाऊक नसेल तर त्यानं दुसरा धंदा बघावा.

त्या पंचवीस वर्षांबद्दलही आपली ऋणी आहे. आपण 'पंचवीस वर्षं बघायला नको' म्हणालात, ते आम्ही मनावर घेतलं. ती हमी वीजनिर्मिती हळूहळू किती घटेल याची असते, आणि पॅनलच्या बनावटीतल्या दोषाची हमी त्याहून कमी वर्षांची. गारा, वादळ, वीज कोसळणं दोन्हींत येत नाही. हे त्या कागदावर बारीक अक्षरांत आहे, आणि तो कागद आपण पैसे पूर्ण मिळाल्यावर दिलात.

मग गारांसाठी काय करायचं असतं, तर विमा. आपण इतक्या तपशिलांत बोललात, पण हा शब्द आपल्या तोंडून एकदाही आला नाही. मला तो बँकेतल्या एका बाईंनी सांगितला. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी देतात. वादळ, पूर, वीज पडणं तिच्यात येतं, आणि घराच्या इमारतीच्या व्याख्येत सोलर पॅनलचा उल्लेख आहे. म्हणजे घराचा विमा काढताना सोलरची किंमत धरून रक्कम ठरवली की झालं. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या गच्चीवर पॅनल आहेत, त्यांनी आपली पॉलिसी काढून त्यात ती किंमत धरली आहे का, हे आजच बघावं. साहेबांना हे सांगायला वेळ मिळत नाही.

गारपिटीनंतर गावात तलाठी आले होते. मोसंबी, कांदा, उन्हाळी बाजरी, पडलेल्या भिंती, जखमी जनावरं, सगळ्याची नोंद झाली, व्हायलाच हवी. सोलरची नोंद करायला त्यांच्याकडे रकानाच नव्हता. ते बिचारे म्हणाले, 'हे तुमच्या सोलरवाल्याला विचारा.' आम्ही विचारतोच आहोत.

बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. पॅनल तिकडे अंगणात पडलेले असोत वा नसोत. आणि वीजबिल पुन्हा पूर्वीसारखं येऊ लागलं आहे. म्हणजे सध्या आम्ही विजेचे पैसे दोनदा भरतो आहोत, एकदा महावितरणला आणि एकदा आपल्या बोल्टांपायी.

या सगळ्यावर आपण पाठवलेलं नवं कोटेशन मिळालं. 'जुन्या ग्राहकांसाठी खास सवलत' असं वर लिहिलेलं आहे. योजनेत बसवणाऱ्यानं पाच वर्षं देखभाल करायची असते, तसं आपल्या करारातही आहे, आपली सही आहे. आम्हाला दोन वर्षंही झालेली नाहीत. तरीही उखडलेला सांगाडा पुन्हा उभा करायचे पैसे आपण आमच्याकडेच मागता आहात, आणि नव्या कोटेशनमध्येही बोल्ट कशात बसवणार याचा उल्लेख नाही. मी तीनदा वाचलं.

आणखी एक. बस स्टँडच्या चौकात आपला मोठा बॅनर आहे. त्यावर आमच्या गच्चीचा फोटो आहे, आम्ही दोघं हसत उभे, मागे सहाच्या सहा पॅनल उन्हात चमकताहेत. वादळाच्या दुसऱ्या दिवशीही तो बॅनर जागेवर होता. त्याच्या दोऱ्या आपण विजेच्या खांबाला चांगल्या घट्ट बांधल्या होत्या. तो फोटो उतरवावा ही नम्र विनंती. आमच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून कुणी आपल्याकडे यावं, हे मला सहन होत नाही.

मागणी काय, ते सरळ सांगते, म्हणजे आपल्या अदबशीर मुलाला निरोप पोहोचवताना गोंधळ व्हायला नको. गारेनं फुटलेल्या पॅनलचे पैसे मी मागत नाही. उडालेले तीन पॅनल, सांगाडा, केबल, दोन अर्थिंग आणि गच्चीची गळती हे आपण आपल्या खर्चानं नीट करून द्यायचं. उरलेल्या दोन पॅनलांची कॅमेऱ्यानं तपासणी करून लेखी अहवाल द्यायचा. काकूंच्या अंगणात जाऊन त्यांची माफी मागायची, आणि ती फोनवर नाही. हे झालं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार आहे. २०१९च्या कायद्यानं तक्रार माझ्या राहत्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. फोटो, कोटेशन, करार आणि विटेचा चुरा लागलेला तो बोल्ट, सगळं एका पिशवीत भरून ठेवलं आहे.

पण त्याआधी एक विनवणी आहे, आणि ही मी हात जोडून करते. गेल्या दोन वर्षांत आपण या तालुक्यात कितीतरी गच्च्यांवर असेच सांगाडे उभे केलेत. माझ्या माहितीतल्या एका अंगणवाडीच्या शेजारचं घर त्यात आहे, एका दवाखान्याची गच्ची आहे. त्या घरांतल्या लोकांना आपल्या बेसप्लेटखाली स्लॅब आहे की कोबा, हे माहीत नाही. ते पॅनलच्या खाली खुर्च्या टाकून बसतात, आपणच सांगितलंत म्हणून. मृग नक्षत्र तोंडावर आलं आहे. तेव्हा माणसं पाठवा, पाना आणि ड्रिल घेऊन पाठवा, प्रत्येक घरी जा, बोल्ट उपसून बघा, काँक्रीट ओता. पैसे पडतील, पडू देत. आमच्या गच्चीचं त्यानंतर केलंत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सूर्यघर योजनेची एक लाभार्थी